ट्रिपल फाइव्ह आणि एक लिटर म्हशीचं

आमच्या घरात सकाळचं दूध तापवणं हे खातं माझ्याकडे आहे. मी निवृत्त झालो तेव्हा खातेवाटप झालं. बँक, वीजबिल, भाजी ही वजनदार खाती हिनं स्वतःकडे ठेवली आणि उरलेलं माझ्याकडे आलं. काम म्हणाल तर काहीच नाही. गॅस पेटवायचा, पातेलं चढवायचं आणि दूध वर येईपर्यंत त्याच्याकडे बघत उभं राहायचं. नुसतं बघत उभं राहणं मला नोकरीत उत्तम जमत असे, पण तिथे त्याचा पगार मिळायचा. इथे अग्रलेखाचा शेवटचा परिच्छेद तेवढा वाचून येऊ म्हणून बाहेर डोकावलं की आतून ‘चर्रर्र’ ऐकू येतं. त्यानंतर ओट्यावर, बर्नरच्या भोकांत आणि शेगडीखाली, जिथे हात जात नाही तिथे, म्हशीचं दूध पोचलेलं असतं.

“अहो, फोनमध्ये टायमर असतो,” ही म्हणाली.

असतो. पण मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. डिप्लोमा झाला आणि लगेच विम्याच्या कचेरीत चिकटलो. जन्मभर लोकांचे हप्ते मोजले, तरी रक्तातलं इलेक्ट्रॉनिक्स कुठे जातं? माळ्यावरच्या ट्रंकेत माझं प्रॅक्टिकलचं जर्नल अजून आहे. त्यातला सातवा प्रयोग म्हणजे ‘555 टायमर : मोनोस्टेबल’. खाली सरांची सही आणि दहापैकी आठ गुण. तो प्रयोग आमच्या टेबलावर मित्रानं केला होता आणि मी निरीक्षणं लिहून घेतली होती, पण जर्नल माझ्याच नावाचं आहे.

मोनोस्टेबलला कारागीर मंडळी ‘वन-शॉट’ म्हणतात. याची स्थिर अवस्था एकच, ती म्हणजे गप्प बसणं. बाहेरून कुणी डिवचलं की हा उठतो, ठरलेला वेळ काम करतो आणि पुन्हा आपणहून गप्प होतो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी याच तत्त्वावर चालतात. फरक इतकाच की ट्रिपल फाइव्हची वेळ आधी काढता येते. रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटर गुणिले 1.1, झालं. एक मेगओहम आणि 470 मायक्रोफॅरड घेतले की 517 सेकंद, म्हणजे 8 मिनिटं 37 सेकंद. आमचं एक लिटर मध्यम आचेवर वर यायला साधारण नऊ मिनिटं लागतात. तेवीस सेकंद हाताशी. बाहेरच्या खोलीतून ओट्यापर्यंत यायला मला तेवढे पुरतात, वाटेत चप्पल आडवी आली नाही तर.

“पाच मिनिटांचं काम आहे,” मी हिला सांगितलं.

पुण्यात असलं काही घ्यायचं तर तपकीर गल्लीत जावं लागतं. हातभर रुंदीची दुकानं, छतापर्यंत प्लास्टिकचे डबे आणि काउंटरवर सबमिशनच्या आदल्या दिवशीची पोरं. त्या गर्दीत मी कोपर घालून पुढे सरकलो.

“एक ट्रिपल फाइव्ह द्या.”

“किती?”

“एक.”

दुकानदारानं प्रथमच मान वर केली. “दहा घेऊन ठेवा काका. एक घेणारे परत येतात.”

मला हे बोलणं लागलं. माझ्या डिप्लोम्याचा अपमान होता तो. मी ठणकावून एकच घेतला. मागे उभ्या असलेल्या एका पोराला माझी दया आली. “काका, त्यापेक्षा आर्डुइनो घ्या ना. चार ओळींचा कोड.”

“अरे, मला फक्त दूध तापवायचंय.”

“मग वाय-फायवाला घ्या,” तो म्हणाला.

ब्रेडबोर्ड ही वस्तू ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी सुखात राहावं. पांढऱ्या प्लास्टिकची पट्टी, तिला शेकडो भोकं. पाच-पाच भोकं आतून जोडलेली, मधोमध एक आडवी चर आणि दोन्ही कडांना वीज नेण्यासाठी लाल-निळ्या रेघांच्या लांब रांगा. सोल्डर करायला नको, भोकात वायर खोचायची की झालं. आयसी त्या चरीवर टांग टाकून बसवायचा. चार पाय अलीकडे, चार पलीकडे. नव्या आयसीचे पाय जरा फाकलेले असतात. ते टेबलावर हलकेच दाबून सरळ करायचे, एवढी साधी गोष्ट जर्नलात लिहिलेली नव्हती. मी अंगठ्यानं दाबला. आठातले सात पाय आत गेले आणि सहाव्या नंबरचा पोटाखाली दुमडून बसला. वरून पाहिलं तर आयसी अगदी ऐटीत बसलेला. वेळ संपली की नाही हे ज्या पायानं ओळखायचं, तोच पाय त्यानं पोटाशी घेतला होता.

त्याच्याही आधी रेझिस्टन्सचा घोळ झाला. आमच्या वेळी रेझिस्टन्स बदामी रंगाचे आणि चार पट्ट्यांचे असत. पट्ट्यांचे रंग पाठ करायला ‘बी बी रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन’ आणि त्याच्या त्या फार चांगल्या बायकोचं वाक्य होतं, ते डिप्लोमाचा प्रत्येक माणूस मरेपर्यंत विसरत नाही. आता रेझिस्टन्स निळे झालेत आणि पट्ट्या पाच. निळ्यावरची तपकिरी पट्टी कुठली आणि लाल कुठली हे ट्यूबलाइटखाली ओळखून दाखवणाऱ्याला रॉयसाहेबांनी बायकोसकट नमस्कार केला असता.

“हा 140 ओहमचा दिलाय लेकाच्यानं,” मी म्हणालो. “मी एक मेग मागितला होता.”

कन्येनं भिंग घेऊन पाहिलं. “बाबा, उलटा धरलायस.”

“रेझिस्टन्सला उलट-सुलट नसतं!”

“लावायला नसतं. वाचायला असतं.”

दोन्ही टोकांना तपकिरी पट्टी. या बाजूनं वाचलं तर दहा लाख ओहम, त्या बाजूनं वाचलं तर एकशे चाळीस. इतका फरक मी आजवर फक्त विम्याच्या जाहिरातीत आणि पॉलिसीत पाहिला होता.

पहिला आयसी गेला तो मात्र घाईत. लाल वायर निळ्या रेघेत आणि काळी लाल रेघेत. बोट ठेवलं तर चटका बसला आणि जरा वेळानं स्वयंपाकघरात ओळखीचा नसलेला वास आला. ‘काय जळतंय?’ हा प्रश्न आमच्या घरात इतकी वर्षं मी विचारत आलो. त्या दिवशी तो मला विचारला गेला. दुसऱ्या सकाळी मी तपकीर गल्लीत होतो. दुकानदार एक अक्षरही बोलला नाही. त्यानं नुसता डबा पुढे केला. तेवढं बोलणं पुरे झालं.

नवा आयसी, सरळ पाय, वायर बरोबर. तरी दिवा लागेना. पुस्तक म्हणतं, चार नंबरची पिन आणि आठ नंबरची पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला. होत्या. एक नंबर निगेटिव्हला. होता. प्रत्येक वायर काढून पुन्हा लावली. मग वायरींचे रंग बदलून लावल्या, कारण माणूस हताश झाला की रंगावर विश्वास ठेवायला लागतो. शेजारचे काका पेपर परत द्यायला आले होते, ते बोर्डावर वाकून म्हणाले, “लूज कॉन्टॅक्ट असेल.” हे निदान आमचे काका टीव्हीपासून गुडघ्यापर्यंत सगळ्यावर करतात आणि खेदाची गोष्ट अशी की पुष्कळदा ते बरोबर निघतं. या वेळी निघालं नाही. संध्याकाळी उशिरा माझ्या ध्यानात आलं की बोर्डाच्या कडेची ती लाल रेघ बरोबर मध्यावर नखाएवढी तुटलेली आहे. ती छपाईची चूक नव्हती. आतली पट्टीही तिथेच तुटलेली होती. बॅटरी डाव्या अर्ध्यात आणि माझं सगळं सर्किट उजव्या अर्ध्यात. दीड इंचाची वायर त्या फटीवर टाकली आणि दिवा लागला.

दिवा लागला तो विझेचना.

आठ मिनिटं सदतीस सेकंद झाली, दहा झाली, चहा झाला, हिची भिशी झाली. भिशीच्या बायका जाताना म्हणाल्याही, “छान दिसतो हो छोटासा दिवा.” आता यात दोष माझा नव्हता. ट्रिपल फाइव्हचं गणित असं की बटण दाबलं की कपॅसिटर एक मेगओहममधून हळूहळू भरायला लागतो आणि बॅटरीच्या दोन तृतीयांशापर्यंत भरला की आयसी म्हणतो, पुरे. नऊ व्होल्टच्या बॅटरीला ती खूण सहा व्होल्टवर. तिथे पोचेपर्यंत एक मेगमधून येणारी वीज जेमतेम तीन मायक्रोअँपिअर उरते. माझा कपॅसिटर जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या पोटातून काढलेला, पिढीजात. तो स्वतःच तेवढं गळत होता. जेवढं येत होतं तेवढं जात होतं. साडेपाच व्होल्टवर काटा थांबला तो थांबलाच. मल्टिमीटर लावला की आणखी खाली यायचा, कारण मल्टिमीटरही आपला घोट त्यातूनच घेतो.

नवा कपॅसिटर आणला. आता दिवा विझला, पण दहा मिनिटं होत आली तेव्हा. कपॅसिटरवर 470 छापलेलं असलं तरी वीस टक्के इकडे-तिकडे चालतं, असं कंपनीच त्याच्या माहितीपत्रकात सांगते. म्हणजे माझा टायमर जेमतेम सात मिनिटांपासून दहा मिनिटं वीस सेकंदांपर्यंत कधीही विझला तरी तो नियमात बसतो.

“म्हणजे दूध उतू गेलं तरी तो बरोबर?” हिनं विचारलं.

“तांत्रिकदृष्ट्या.”

याच सुमारास मी हिला हान्स कामेनझिंडची गोष्ट सांगितली. आपल्या छंदाला थोर माणसाचा आधार लागतो. हा स्वित्झर्लंडचा गृहस्थ अमेरिकेत सिग्नेटिक्स कंपनीत होता. त्यानं नोकरी सोडली आणि त्याच कंपनीकडून हा टायमर बनवायचं काम कंत्राटावर घेतलं. सुटे ट्रान्झिस्टर जोडून आधी त्यानं सर्किट चालवून पाहिलं, मग चिपचा नकाशा हातानं, सुरीनं कापून तयार केला. पहिल्या आराखड्याला नऊ पाय लागत होते. मग त्याला एक युक्ती सुचली, एक पाय कमी झाला आणि आयसी आठ पायांच्या स्वस्त डबीत मावला. 1972 साली तो बाजारात आला आणि आजही चहाच्या पैशांत मिळतो. अशा कोट्यवधी डब्या जगभर खपल्या.

ही शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “त्यानं नोकरी सोडली तेव्हा त्याच्या घरी दूध कोण तापवत होतं?”

इतिहासानं याची नोंद ठेवलेली नाही.

बरं, दहा मिनिटं तर दहा मिनिटं. एक मेगच्या जागी थोडा कमी रेझिस्टन्स टाकून मी साडेआठ मिनिटं जमवली आणि रविवारी सकाळी घरच्यांसमोर प्रात्यक्षिक केलं. पातेलं चढवलं. बटण दाबलं. तांबडा दिवा लागला. सगळे गप्प. मी दिव्याकडे बघतोय, ही माझ्याकडे बघतेय. मिनिटं गेली.

“अहो, तुम्ही करताय काय?”

“दिवा विझतोय का बघतोय.”

“विझला की?”

“की मग दुधाकडे बघायचं.”

हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर खोलीत थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. पूर्वी मी दुधासमोर उभा राहायचो, आता दिव्यासमोर. वन-शॉट म्हणजे काम चालू असताना दिवा चालू आणि वेळ संपली की बंद. वेळ संपल्याची खबर हा देतो ती गप्प बसून. हे जर्नलात होतं, पण मी फक्त निरीक्षणं लिहिली होती.

म्हणून बझर आणला. बझर आउटपुट आणि निगेटिव्हच्या मध्ये लावला तर बटण दाबताच तो किंचाळायला लागला आणि साडेआठ मिनिटं किंचाळून दूध वर येताना नेमका थांबला. मी म्हटलं, उलटं करू. ट्रिपल फाइव्हची खुबी अशी की तो वीज देतो तशी ओढूनही घेतो. बझर पॉझिटिव्ह आणि आउटपुटच्या मध्ये लावला. आता दूध तापत असताना शांतता आणि वेळ संपली की आवाज. हवं होतं तसं झालं. फक्त एक बारीक गोष्ट राहिली. दूध तापत नसतानाही आवाज. म्हणजे दिवसाचे तेवीस तास एक्कावन्न मिनिटं बझर आणि साडेआठ मिनिटं विश्रांती. खालच्या मजल्यावरून निरोप आला, “तुमच्याकडे गॅस गळतीचा अलार्म वाजतोय का?”

“दूध तापवायला ठेवा,” मी कन्येला ओरडून सांगितलं, “म्हणजे थांबेल!”

याला उपाय म्हणजे पहिल्यानं गप्प होताना दुसऱ्याला डिवचायचं. दुसरा ट्रिपल फाइव्ह, त्याला 100 किलोओहम आणि 100 मायक्रोफॅरड, म्हणजे अकरा सेकंदांचा बझर. दोन्हींच्या मध्ये इवलासा कपॅसिटर. (हे लोकांना इतकं लागतं की दोन ट्रिपल फाइव्ह एकाच डबीत घालून 556 नावानं विकतात.) आता बोर्डावर वायरींचं असं रान माजलं की कन्या त्यात कानातलं शोधायला आली होती, ते सापडलं नाहीच, पण तिची क्लिप सापडली.

आणि चाललं! मनासारखं चाललं. सोमवारी सकाळी ही गॅसपाशी गेली, लायटर टक् टक् केला आणि बोर्डावरचा दिवा आपोआप लागला. कुणी बटणाला हात लावला नव्हता.

“अय्या! गॅस पेटवला की हा स्वतःच सुरू होतो?” पहिल्यांदाच हिच्या आवाजात माझ्या डिप्लोम्याबद्दल आदर होता.

मला कारण ठाऊक होतं. दोन नंबरच्या पिनला वर ओढून धरणारा दहा किलोओहम मी लावायचा विसरलो होतो. पिन हवेत लोंबकळत होती आणि लायटरची ठिणगी उडाली की लांब वायरीतून तिला धक्का बसत होता. चूक होती ती. पण संसारात इतक्या वर्षांनी मिळालेलं ‘अय्या’ कोण परत करतं? मी म्हणालो, “मग! सेन्सर आहे आत.”

दुपारी मिक्सर लावला तेव्हा सेन्सरनं तोही पकडला. फ्रिज बंद-चालू झाला तेव्हाही. रात्री दीडला, फ्रिजच्याच कृपेनं, अंधाऱ्या स्वयंपाकघरात अकरा सेकंद बझर झाला आणि घरातली सगळी माणसं ओट्यापाशी जमली. तिथे दूध नव्हतं. सकाळी मी मुकाट्यानं दहा किलोओहम लावला आणि सेन्सर काढून टाकला असं जाहीर केलं.

बॅटरीचंही तसंच. काम नसतानाही हा आयसी चार-पाच मिलिअँपिअर खातो, दोघे मिळून दहा, त्यामुळे नऊ व्होल्टची बॅटरी दोन दिवसांत मान टाकते. “नुसता बसून खातो,” मी हिला समजावलं. ती काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. मग कन्येचा फोनचा चार्जर जोडला. नवाचे पाच व्होल्ट झाले तरी वेळ तीच राहिली, कारण खूण दोन तृतीयांशावर असते, बॅटरी कुठलीही असो. कामेनझिंड खरोखर मोठा माणूस.

आता सगळं बिनचूक. बटण दाबलं की साडेआठ मिनिटं, मग अकरा सेकंद बझर. आणि पहिल्याच दिवशी बझर वाजायच्या आधी दूध उतू गेलं. आदल्या रात्री ही फ्रिजमध्ये ठेवायला विसरली होती, दूध कोमटच होतं. दुसऱ्या दिवशी थंडगार होतं, तेव्हा बझर वाजून गेला आणि मी साय यायची वाट बघत आणखी तीन मिनिटं समोर उभा. म्हशीचं, गायीचं, अर्धा लिटर, एक लिटर, मोठी शेगडी, लहान शेगडी. दुधाला 1.1 माहीत नसतं.

त्या दिवशी हिनं स्टूल घेतलं, माळ्यावर चढली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक भांडं खाली काढलं. माहेरहून आलेला मिल्क कुकर. दुहेरी भिंतीचं भांडं, मध्ये पाणी. पाणी उकळलं की शिट्टी होते, पण दूध उतू जात नाही, ते थंड असो की कोमट. यात एकही ट्रान्झिस्टर नाही.

“मग इतकी वर्षं हा वर का ठेवला होता?” मी विचारलं.

“शिट्टी हरवली ना! पाणी आटून करपायला लागलं की मग कळायचं.” तिनं भांडं पुसलं आणि बोर्डाशेजारी ठेवलं. “आता तुमचं हे आहे. दूध काही उतू जात नाही, दोन मिनिटं पुढे-मागे झालं तरी चालतंय. जोडून टाका.”

पुढे-मागे झालेलं चालणारं भांडं. वीस टक्क्यांच्या कपॅसिटरला याहून चांगलं स्थळ मिळणं शक्य नव्हतं. मी लगेच कागद घेतला. बारा मिनिटांचे 720 सेकंद भागिले 1.1.

“आणि तो आवाज बदलता येईल का हो? रिक्षा मागे घेतल्यासारखा वाटतो. एखादं गाणं-बिणं?”

“यूएम 66 म्हणून तीन पायांचा आयसी मिळतो. धून वाजवतो. आउटपुटला लावला की झालं. सोपं आहे. पाच मिनिटांचं…”

कन्येनं बोर्डातून आपला चार्जर उपसला, खोलीत गेली आणि दाराला आतून कडी घातली.